छोट्या खाजगी फार्मसी महाविद्यालयात प्रवेश : कागदपत्रे, शुल्क आणि प्रवेश फेऱ्या

तालुक्याच्या गावाबाहेर हमरस्त्याला लागून असलेले, वर्षाला साठ जागांचे खाजगी बी. फार्म. महाविद्यालय आता महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत पाहायला मिळते. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी व्यावसायिक महाविद्यालये काढायला परवानगी दिली, आणि आजची ही छोटी महाविद्यालये त्याच धोरणातून उभी राहिली आहेत. त्यांना शासनाचे अनुदान नसते, त्यामुळे शिक्षकांच्या पगारापासून प्रयोगशाळेतील रसायनांपर्यंतचा सारा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनच भागवावा लागतो. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी अशा महाविद्यालयात जात आहे, त्या घरासाठी हा लेख आहे. उदाहरण बी. फार्म. चे घेतले असले, तरी खाजगी अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन महाविद्यालयांनाही यातील बराचसा भाग लागू पडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नामांकित महाविद्यालयात जागा मिळवण्यासाठी धडपड करावी लागते, परंतु छोट्या महाविद्यालयात जागा भरण्याची गरज बहुधा संस्थेचीच अधिक असते. बारावीचा निकाल लागण्याआधीच संस्थेचे प्राध्यापक गावोगावी घरी येतात, ‘जागा संपत आल्या आहेत, आजच मूळ कागदपत्रे जमा करा’ असे सांगतात, आणि घाबरलेला पालक सगळी फाइल त्यांच्या हाती देऊन मोकळा होतो. त्या प्राध्यापकांवरही प्रवेशांचे उद्दिष्ट लादलेले असते, हे खरे आहे. तरीही केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया (सगळ्या महाविद्यालयांच्या जागा एकत्रितपणे ऑनलाइन वाटणारी शासनाची प्रक्रिया) सुरू होण्यापूर्वी कोणत्याही महाविद्यालयाला मूळ कागदपत्रे किंवा पैसे देण्याचे विद्यार्थ्याला काहीही कारण नाही.

आधी अभ्यासक्रम नक्की करावा

बारावी विज्ञाननंतर फार्मसीकडे जाण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. डी. फार्म. हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम असून त्याचे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत बारावीच्या गुणांवर होतात आणि त्यासाठी सीईटी लागत नाही. बी. फार्म. ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी असून तिचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, म्हणजे बोलीभाषेत ज्याला सीईटी सेल म्हणतात त्याच्यामार्फत, एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय असला तरी चालते. गणित सोडलेल्या विद्यार्थ्यांना हा मार्ग त्यामुळेच खुला राहतो.

औषधाचे दुकान चालवणे एवढेच उद्दिष्ट असेल, तर डी. फार्म. कमी खर्चात आणि कमी वेळात होते, आणि पुढे इच्छा झाली तर बी. फार्म. च्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. औषधनिर्मिती कंपनी, गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळा, औषध निरीक्षकाची परीक्षा किंवा एम. फार्म. यांपैकी काही मनात असेल, तर मात्र बी. फार्म. लाच जावे. दोन्ही अभ्यासक्रम एकाच इमारतीत चालवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, त्यामुळे आपण नेमका कोणत्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरत आहोत याची खात्री करून घेणे हास्यास्पद वाटले तरी आवश्यक आहे.

महाविद्यालयाची मान्यता तपासणे

फार्मसीच्या बाबतीत मान्यतेचा प्रश्न इतर शाखांपेक्षा अधिक गंभीर आहे. फार्मसी अधिनियम, 1948 नुसार फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने मान्यता दिलेल्या संस्थेतून शिक्षण पूर्ण केले असेल, तरच राज्य फार्मसी कौन्सिलकडे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होते. नोंदणी नसेल तर दुकानाच्या परवान्यासाठी नाव लावता येत नाही. म्हणजे मान्यता नसलेल्या संस्थेत चार वर्षे घालवली, तर हातात पदवीचा कागद राहील, पण त्यावर व्यवसाय करता येणार नाही.

कौन्सिलच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी शैक्षणिक वर्ष आणि प्रवेशक्षमता यांसह पाहता येते. पाहताना चालू वर्षाचीच नोंद पाहावी, कारण मागील वर्षाची मान्यता या वर्षी पुढे सुरू राहिली असेलच असे नाही. त्यानंतर संस्था कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे ते पाहावे. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी राज्याच्या निरनिराळ्या भागांतील फार्मसी महाविद्यालये संलग्न आहेत, त्यामुळे महाविद्यालय पुणे किंवा नाशिक जिल्ह्यात असले म्हणजे पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच मिळेल असे गृहीत धरू नये. ‘प्रस्तावित’ किंवा ‘मान्यता प्रक्रियेत’ असे शब्द माहितीपत्रकात दिसले, तर ते महाविद्यालय त्या वर्षासाठी यादीतून काढून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कौन्सिलच्या मान्यता उशिरा आल्याने गेल्या काही वर्षांत फार्मसीच्या प्रवेश फेऱ्या अभियांत्रिकीच्या मागे पडत गेल्या आहेत. अभियांत्रिकीला गेलेले मित्र वर्गात बसू लागले तरी फार्मसीची पहिली फेरी लागलेली नसते. या मधल्या काळात पालकांचा धीर सुटतो आणि नेमक्या याच काळात ‘आमच्याकडे आता लगेच प्रवेश पक्का करून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ गाठ घेतात. उशीर सगळ्यांनाच झालेला असतो, म्हणून थांबणाऱ्याचे त्यात नुकसान होत नाही.

मान्यता कागदावर ठीक निघाली की एकदा महाविद्यालय प्रत्यक्ष पाहून यावे आणि शक्यतो कामाच्या दिवशी, पूर्वसूचना न देता जावे. दर्शनी भागातील ट्रॉफ्या आणि फ्लेक्स यांवरून काही कळत नाही. प्रयोगशाळेत जावे आणि टॅब्लेट पंचिंग मशीन चालू स्थितीत आहे का, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर धुळीचे आच्छादन आहे की जवळच्या नोंदवहीत अलीकडच्या तारखा आहेत, हे पाहावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याची प्रात्यक्षिकांची जर्नल दाखवायची विनंती करावी. प्रयोगांवरील सह्या आठवड्या-आठवड्याच्या अंतराने झालेल्या असतील, तर प्रात्यक्षिके नियमित होतात असे समजायला हरकत नाही. दहाही प्रयोगांवर एकाच शाईने एकाच तारखेची सही असेल, तर सत्राच्या शेवटी जर्नल उतरवून घेतली जाते असा त्याचा अर्थ होतो. त्या विद्यार्थ्याला आणखी एक प्रश्न विचारावा : गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? छोट्या महाविद्यालयांत पगार थकले की शिक्षक टिकत नाहीत, आणि सत्राच्या मध्यावर विषय शिकवणारा माणूस बदलला की त्याची किंमत विद्यार्थ्यांना निकालात मोजावी लागते.

छोट्या महाविद्यालयाचे चांगले अंगही येथे नमूद केले पाहिजे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्राचार्य मुलांना नावाने ओळखतात, प्रात्यक्षिकाला उपकरण स्वतः हाताळायला मिळते, आणि घरापासून दहा-वीस किलोमीटरवर महाविद्यालय असेल तर वसतिगृहाचा खर्च पूर्ण वाचतो. शिक्षक टिकून असलेले गावाजवळचे छोटे महाविद्यालय हे पुण्यातील कोणत्याही सुमार महाविद्यालयापेक्षा निश्चितच श्रेयस्कर आहे.

कागदपत्रे : हे काम बारावीच्या दिवाळीत सुरू करावे

प्रवेश हुकण्याचे किंवा शिष्यवृत्ती बुडण्याचे कारण गुणांपेक्षा कागदपत्रांत अधिक वेळा सापडते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात असतोच. खरा वेळ तहसील कार्यालयातून आणि पडताळणी समितीकडून येणाऱ्या दाखल्यांना लागतो.

अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन्ही ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून मागवता येतात. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग तसेच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांतील विद्यार्थ्यांना जातीच्या दाखल्यासोबत नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील 31 मार्चपर्यंत असली पाहिजे. दाखला मिळाला की मुदतीची तारीख तेथल्या तेथे वाचावी, कारण मागच्या वर्षी काढलेला दाखला या वर्षी बाद ठरला आणि विद्यार्थी खुल्या प्रवर्गात ढकलला गेला, असे दर वर्षी घडते. अनुसूचित जाती आणि जमातींना नॉन-क्रिमीलेअर लागत नाही, परंतु जात वैधता लागते, आणि अनुसूचित जमातींची पडताळणी स्वतंत्र तपासणी समितीकडे होते. तिला लागणारा वेळ लक्षात घेऊन अकरावीतच अर्ज केला तर उत्तम. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यात आणि चालू वर्षाचे असावे.

जात वैधतेचा अर्ज बारावीत शिकत असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो. वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या नावे आधीच वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडल्यास काम सोपे होते. शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डवर आणि जातीच्या दाखल्यावर नावाचे स्पेलिंग आणि आडनाव एकसारखे आहे का, हे याच टप्प्यावर तपासावे. ‘पाटील’ एका कागदावर एका पद्धतीने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या पद्धतीने इंग्रजीत लिहिलेले असेल, तर ऐन प्रवेशाच्या वेळी राजपत्र किंवा शपथपत्र करत बसावे लागते.

बेळगाव, निपाणी अशा वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेश नियमांत स्वतंत्र उमेदवार प्रकार आहे आणि त्याचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात द्यावे लागते. गोवा, बडोदा किंवा इंदूर येथे शाळा झालेल्या पण आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या विद्यार्थ्यांनीही आपला उमेदवार प्रकार माहिती पुस्तिकेत नीट शोधावा. योग्य प्रकार निवडला तर अशा विद्यार्थ्यांना महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून अर्ज करता येतो.

नोंदणीपासून जागा मिळेपर्यंत

सीईटी झाली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असा गैरसमज अनेक घरांत असतो. परीक्षेची नोंदणी वेगळी आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी. कॅपची नोंदणी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर करावी लागते, त्याचे शुल्क वेगळे भरावे लागते आणि कागदपत्रे अपलोड करावी लागतात. पडताळणी घरबसल्या ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रात जाऊन अशा दोन्ही प्रकारे करता येते. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या कुटुंबाने सुविधा केंद्रात जाणे पत्करावे, कारण ऑनलाइन त्रुटी निघाली तर तिचा संदेश वाचून वेळेत दुरुस्ती करणे जमतेच असे नाही. लॉगिनचा पासवर्ड आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच हाती असावा. सायबर कॅफेवाल्याचा किंवा महाविद्यालयाच्या प्रतिनिधीचा क्रमांक अर्जात घालू देऊ नये, कारण त्या क्रमांकावर येणारा ओटीपी ज्याच्याकडे जातो, पसंतीक्रम भरण्याचा अधिकारही प्रत्यक्षात त्याच्याकडेच जातो.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकती नोंदवण्यासाठी थोड्या दिवसांची मुदत असते. प्रवर्ग, लिंग, उमेदवार प्रकार आणि गुण हे चारही रकाने त्या वेळी तपासावेत, कारण अंतिम यादीनंतर चूक दुरुस्त होणे जवळपास अशक्य असते.

यानंतर पसंतीक्रम भरायचा असतो. येथे नियम एकच आहे, आणि तो असा की महाविद्यालये आपल्या खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहावीत, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने लिहू नयेत. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. मागील वर्षाचे कट-ऑफ संकेतस्थळावर असतात, त्यांचा उपयोग यादी किती लांब ठेवावी हे ठरवण्यासाठी करावा. ज्या महाविद्यालयात जायचेच नाही ते यादीत घालू नये, कारण पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप अंतिम होते आणि पुढील फेऱ्यांची दारे बंद होतात. फेऱ्यांची संख्या आणि किती क्रमांकापर्यंतच्या पसंतीची जागा आपोआप अंतिम होते, याचे नियम अलीकडे बदलत आले आहेत. त्यासाठी त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचावी, ओळखीच्या मुलाने गेल्या वर्षी काय केले त्यावर जाऊ नये.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असेल, तर शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागांचा विचार अवश्य करावा. या जागा मंजूर प्रवेशक्षमतेच्या 5 टक्के आणि त्या क्षमतेव्यतिरिक्तच्या असतात, म्हणजे साठ जागांच्या महाविद्यालयात तीन. यात चारही वर्षांचे शिक्षण शुल्क माफ होते, बाकीचे शुल्क मात्र भरावे लागते. या जागांचा पर्याय क्रमांक वेगळा असल्याने तो पसंतीक्रमात स्वतंत्रपणे लिहावा लागतो, आणि तो न लिहिल्यामुळे पात्र विद्यार्थी या जागेला मुकतात.

अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयात 51 टक्के जागा त्या भाषिक किंवा धार्मिक समाजासाठी असतात, हेही कट-ऑफ वाचताना लक्षात ठेवावे.

संस्था स्तरावरील कोटा

विनाअनुदानित संस्थांना 20 टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर भरता येतात. लोक याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात आणि त्यात पैसे देऊन जागा विकत घेता येते अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. 2002 च्या टी. एम. ए. पै फाउंडेशन प्रकरणात आणि 2005 च्या पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खाजगी संस्थांची स्वायत्तता मान्य केली, पण देणगी घेऊन प्रवेश देण्यास आणि नफेखोरीस स्पष्ट मनाई केली. महाराष्ट्रात तर देणगी घेण्यास प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा 1987 पासून आहे आणि त्यात कैदेच्या शिक्षेची तरतूद आहे. या कोट्यातील प्रवेशही जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्तेनुसार व्हायला हवेत, आणि ते प्रवेश नियामक प्राधिकरणाने मान्य केले तरच वैध ठरतात.

संस्था स्तरावर प्रवेश घेणाऱ्याला शासनाच्या शुल्क प्रतिपूर्तीच्या योजनांचा लाभ मिळत नाही. ही गोष्ट महाविद्यालयाचा प्रतिनिधी आपणहून सांगत नाही, आणि बहुतेक कुटुंबांचे सर्वांत मोठे आर्थिक नुकसान येथेच होते. ज्या महाविद्यालयात कॅपमधून जागा सहज मिळाली असती, तेथेच घाईने संस्था स्तरावर प्रवेश घेतला गेला, तर चार वर्षांची सवलत हातची जाते.

खर्चाचा हिशेब

2015 च्या कायद्यानुसार प्रत्येक विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. संस्थेचा लेखापरीक्षित खर्च पाहून शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क निश्चित होते आणि महाविद्यालयनिहाय आकडे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्या पानाची प्रत काढून जवळ ठेवावी आणि महाविद्यालयाने सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून पाहावा. वसतिगृह, मेस आणि बस यांचे पैसे त्या आकड्यात नसतात आणि ते ऐच्छिक असतात. गणवेश, ‘ट्रेनिंग’, ‘सॉफ्ट स्किल’, ‘इतर’ अशा नावांखाली मागितलेल्या प्रत्येक रकमेचे कारण आणि पावती मागावी. पावती मिळणार नसेल तर रक्कम देऊ नये.

हिशेब कसा मांडावा हे कल्पित आकड्यांनी पाहू. समजा शिक्षण शुल्क 90,000 रुपये, विकास शुल्क 9,000, विद्यापीठ व परीक्षा यांचे 6,000, वसतिगृह आणि मेस 60,000, पुस्तके, ॲप्रन व जर्नल 8,000. पहिल्या वर्षाची बेरीज 1,73,000 होते. आता हाच खर्च तीन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांसाठी पाहा. खुल्या प्रवर्गातील, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील मुलगा कॅपमधून आला, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेखाली त्याचे निम्मे शिक्षण शुल्क सुटते आणि त्याला सुमारे 1,28,000 उभे करावे लागतात. त्याच उत्पन्न गटातील इतर मागास वर्गातील मुलगी कॅपमधून आली, तर 2024-25 पासून लागू झालेल्या निर्णयानुसार तिचे पूर्ण शिक्षण शुल्क सुटते आणि उरतात सुमारे 83,000. आणि पहिलाच मुलगा संस्था स्तरावरून आला, तर पूर्ण 1,73,000. चार वर्षांत कॅप आणि संस्था स्तर यांत त्याला 1,80,000 रुपयांचा फरक पडला, आणि महाविद्यालय, वर्ग, शिक्षक सगळे तेच आहेत. परीक्षा शुल्काची सवलत या हिशेबात धरलेली नाही.

मुलींच्या पूर्ण शुल्काचा निर्णय आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींसाठी आहे. त्यात शिक्षण आणि परीक्षा शुल्क येते, विकास शुल्क आणि वसतिगृह येत नाही. ‘मुलींचे शिक्षण मोफत’ एवढेच ऐकून आलेल्या पालकांना प्रवेशाच्या खिडकीवर बसणारा धक्का याच फरकामुळे असतो. इतर मागास वर्गातील मुलांना निम्मे, तर विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना पूर्ण शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती मिळते. अनुसूचित जाती-जमातींसाठी अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि उत्पन्न त्याहून अधिक असल्यास फ्रीशिपची, म्हणजे शुल्कमाफीची, योजना आहे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबाबत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. केंद्राचा 60 टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो आणि त्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने महाविद्यालयाला द्यायची असते. खात्यात अचानक आलेली रक्कम घरखर्चात गेली, तर महाविद्यालयाची थकबाकी विद्यार्थ्याच्या नावावर राहते आणि परीक्षा अर्जाच्या वेळी वाद होतो. रक्कम कोणत्या बाबीची आहे हे महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळाच्या, लॉगिनमध्ये पाहून मगच तिला हात लावावा.

या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात. बँक खाते आधारशी संलग्न, किंबहुना बँकेच्या भाषेत आधार सीडिंग झालेले असावे लागते. आधारची प्रत बँकेत दिलेली असणे म्हणजे सीडिंग नव्हे, ते शाखेत विचारून खात्री करावी. खुल्या प्रवर्गाच्या योजनेत कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम्, आणि इतर मागास व भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार अशा वेगळ्या योजना आहेत. त्यांच्या अटी आणि ठिकाणांची बंधने निरनिराळी असल्याने समाजकल्याण किंवा संबंधित कार्यालयात चौकशी करून मगच खोली भाड्याने घ्यावी.

उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज घ्यायचे असेल, तर 4 लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. त्यासाठी प्रवेशाचे पत्र आणि महाविद्यालयाच्या शिक्क्याचे चार वर्षांचे शुल्कपत्रक लागते.

प्रवेश निश्चित करताना आणि रद्द करताना

जागा मिळाल्याचे पत्र आले की लॉगिनमधून जागा स्वीकृती शुल्क भरून जागा स्वीकारावी आणि ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयात हजर व्हावे. शुल्क शक्यतो धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) किंवा ऑनलाइन भरावे. पावतीवर शैक्षणिक वर्ष, अभ्यासक्रम आणि बाबनिहाय रक्कम असल्याची खात्री करावी. एका वेळी एका वर्षाचे किंवा एका सत्राचेच शुल्क मागता येते, चार वर्षांचे आगाऊ मागता येत नाही. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून शासनाने द्यायच्या हिश्श्याची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. ‘आत्ता भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असे सांगितले गेले, तर ते लेखी मागावे, आणि बहुतेक वेळा लेखी मागितले की मागणीच मागे पडते.

मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी दाखवावी लागतात. ती ठेवून घेतली जाऊ नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे धोरण आहे. शाळा सोडल्याचा दाखला जमा करावा लागतो, त्याच्या रंगीत प्रती आधी काढून ठेवाव्यात.

दुसरीकडे चांगली जागा मिळाली, तर प्रवेश रद्द करण्याचा अर्ज स्वतःच्या लॉगिनमधून ऑनलाइन करावा आणि त्याची सही केलेली प्रत महाविद्यालयात देऊन पोच घ्यावी. प्रवेशाच्या अंतिम दिनांकापूर्वी रद्द केल्यास 1,000 रुपये वजा करून सर्व शुल्क परत मिळते. त्या दिनांकानंतर अनामत रकमेखेरीज काही परत मिळत नाही. तोंडी सांगून किंवा फोन करून रद्द झाले असे समजणे धोक्याचे आहे, कारण पुढे वाद झाला तर लॉगिनमधील तारीखच ग्राह्य धरली जाते.

शुल्क जास्त घेतले असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाकडे, आणि प्रवेशात नियमभंग झाला असेल तर प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. महाविद्यालयाची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठाचे लोकपाल ही व्यवस्था 2023 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार उपलब्ध आहे. पावत्या आणि पोच जपून ठेवलेल्या असतील तरच या तक्रारींना बळ येते.

पहिल्या सत्रात लगेच करायची कामे

महाडीबीटीचा अर्ज प्रवेशाच्या आठवड्यातच भरावा, आणि तो महाविद्यालयाच्या लिपिकाच्या स्तरावर अडकून तर राहिला नाही ना हे महिन्यातून एकदा लॉगिन करून पाहावे. ‘अर्ज भरला’ आणि ‘महाविद्यालयाने पुढे पाठवला’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. छोट्या महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे काम बघणारा एकच कर्मचारी असतो आणि त्याच्याकडे परीक्षा अर्जांपासून बस पासपर्यंत सगळेच असते, म्हणून आठवण करून देण्यात संकोच बाळगू नये. दुसऱ्या वर्षापासून दर वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला ताजा लागतो आणि मागील वर्षाची गुणपत्रिका अपलोड करावी लागते. बी. फार्म. ला प्रत्येक विषयात 80 टक्के उपस्थिती बंधनकारक आहे, तेव्हा गावाकडच्या सुगीसाठी किंवा लग्नसराईसाठी आठवडाभर घरी राहण्याआधी हजेरीपटावरील आपली टक्केवारी विषयवार विचारून घ्यावी.